बार्ब्रोचं एकच पत्र

बार्ब्रो सुंदस्त्रोम म्हणजे नियमाची एकदम पक्की बाई. विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागाच्या कचेरीत एकतीस वर्षं काढली तिनं. पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागा निघाल्या की अर्ज तिच्याच टेबलावर. मागून लोक तिला 'खडूस' म्हणायचे, आणि तिच्याच हातचे दालचिनीचे पाव तीनच्या कॉफीला मिटक्या मारत खायचे!

त्या वर्षी दलदलीतल्या शेवाळावर दोन वर्षांची एकच जागा निघाली. मालिननं अर्ज केला. पोरीनं पीएचडी इथंच केलेली, मग जुळी झाली, आता शाळेत बदली शिक्षिका. अर्ज बघून प्राध्यापक स्टाफान म्हणाला, "बाद. पीएचडीला तीन वर्षं नऊ महिने झाले. मर्यादा तीनची."

मुलांसाठी घेतलेली रजा त्यातून वजा होते. पण मालिननं अर्जात मुलांचं नावच काढलेलं नाही! घरचं गाऱ्हाणं नोकरीच्या अर्जात कशाला, हा इकडच्या लोकांचा स्वभाव. बार्ब्रोचा जीव तुटला. जुळ्यांचे पहिले मोजे तिनंच विणलेले.

हात फोनकडे गेला. एक फोन, की मालिन आत. पण मुदतीपायी आणखी सहा जण बाद झाले होते, त्यांना कोण फोन करणार? तिनं हात मागे घेतला आणि सातही जणांना एकच पत्र धाडलं: मूल, आजारपण, कुणाची सेवा, काही असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.

दोघांनी कळवलं. एक मालिन. दुसरा एस्टोनियाचा तार्मो, वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या बापाचं करत होता. बाहेरच्या तज्ज्ञांनी तार्मोला पहिलं ठेवलं, मालिनला दुसरं.

निकाल लागताच मालिन कचेरीत आली. इथल्या कायद्यानं असे अर्ज कुणालाही बघता येतात. बार्ब्रोनं तार्मोचे कागद पुढे ठेवले. मालिननं ते तासभर वाचले.

"तू फक्त मला फोन केला असतास तर?"

"तर जागा तुझी झाली असती."

मालिनचे डोळे भरून आले. "राग आलाय मला तुझा. भयंकर!"

"येणारच गं."

"त्यानंही बापाचं आधी लिहिलं नव्हतं?"

"अक्षरही नाही."

"म्हणजे आम्ही दोघंही सारखेच शहाणे," असं म्हणून ती नाक पुसत निघून गेली.

निकालाविरुद्ध तक्रारीला तीन आठवडे असतात. ते तीन आठवडे बार्ब्रोला घास गोड लागेना. पोरीच्या तोंडचा घास आपणच काढला, हे मनातून जाईना. शेवटच्या दिवशी, बरोबर कॉफीच्या वेळेला, मालिन हातात कागद घेऊन दारात उभी. बार्ब्रोनं कॉफीचा कप खाली ठेवला.

"तक्रार?"

"छे! दक्षिणेकडच्या विद्यापीठात जागा निघालीय. तिथले अर्ज काही तुझ्या टेबलावर येत नाहीत, म्हणजे मला मदत करायला तुझा नियम आडवा येत नाही ना? मग बघ जरा."

बार्ब्रोनं चष्मा चढवला. अर्जाची पहिलीच ओळ: 'मला जुळी मुलं आहेत; त्यांच्यासाठी मी अठरा महिने रजेवर होते.'

बार्ब्रोनं पेन्सिल उचलली. डोळे पाणावले होते, तरी आवाज तोच, खडूस.

"अठरा नव्हे, एकोणीस. मोजे मी विणलेत, मला नको सांगूस."