बाईंनी खोडलेलं नाव

"कागदावरचं नाव नंतर. आधी सांगा, घरात हाक काय मारतात?"

आमच्या बाई कुणाच्याही दारात उभ्या राहिल्या की पहिला प्रश्न हाच. हातात मतदारयादी, काखेत छत्री आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. उत्तर मिळालं की पेन्सिल अंबाड्यातून निघायची, यादीच्या समासात एक शब्द उमटायचा आणि पेन्सिल परत अंबाड्यात. शाळेतली मुलं म्हणायची, बाई झोपतानाही ती काढत नसतील.

बाई आगाशीच्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि मी जवळच्या हायस्कुलात. हायस्कूलवाल्यांना उगाच एक तोरा असतो, तो मलाही होता. पण निवडणूक आली की मामलेदार कचेरीतून यादीच्या फेरतपासणीचा हुकूम यायचा, आणि मग आमच्या विधानसभा मतदारसंघाच्या या किनाऱ्यावर बाईंचा शब्द चालायचा. कळंबपासून अर्नाळ्यापर्यंत त्यांनी पायी न तुडवलेली गल्ली नव्हती. पहिल्या वर्षी मी त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा तिसऱ्या घरापाशीच माझी चप्पल तुटली. बाई म्हणाल्या, "सर, हायस्कूलची चप्पल दिसतेय."

समासातल्या त्या शब्दांची गंमत मला मतदानाच्या दिवशी कळली. आमच्याकडच्या ख्रिस्ती वाड्यांमध्ये मारी किती आणि अंतोन किती, याला मोजदाद नाही. एका आळीत तर मारी नावाच्या सात बायका, त्यातल्या तिघींच्या नवऱ्याचं नाव पावलू. मुंबईहून आलेल्या एका साहेबाने ते पान बघून डोक्याला हात लावला होता. बाई मात्र केंद्राच्या दारात कुणी मारी दिसली की यादीत न बघता म्हणायच्या, "या पपईवाल्या मारी. अनुक्रमांक सांगते, लिहून घ्या." एकदा एका पोलिंग एजंटने वाकून त्यांचा समास वाचला. एका मारीपुढे 'कजाग' लिहिलेलं होतं. तो हसायला लागला तेव्हा बाईंनी यादी शांतपणे आपल्याकडे ओढली. "ती खूण माझी आहे, सरकारची नाही," म्हणाल्या.

माणसं घरी सापडली नाहीत तर रविवारी मिस्सा सुटताना बाई चर्चच्या दारात उभ्या. स्वतः हिंदू, केळीची वाडी असलेल्या घरातल्या, पण फादर त्यांना बघून हसायचे, "आज माझ्यापेक्षा तुमच्याकडेच गर्दी." एका उमेदवाराच्या माणसाने त्यांच्या ओटीवर केळ्यांचा लोंगर आणून ठेवला, तेव्हा त्यांनी तो त्याच्याच सायकलवर परत बांधून दिला. "आमच्या वाडीत याच्यापेक्षा बरी पिकतात," एवढंच बोलल्या. आपल्या यादीत एक चूक नाही याचा बाईंना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत. मलाही त्यांचा अभिमान वाटायचा. आमच्याकडे अशी बाई आहे, असं मी ठाण्याच्या मास्तरांना ऐकवायचो.

आणि मग अर्नाळ्याची ती निवडणूक आली.

शाळेच्या खोलीत केंद्र होतं. मी केंद्राध्यक्ष, आणि यादी घेऊन पहिल्या टेबलाशी बाई. सकाळी सातच्या सुमारास कोळीवाड्यातली हिराबाई आली. नवं लुगडं, केसात अबोलीचा वळेसर. साठीची असेल. बाईंनी मान वर केली आणि त्यांच्या हातातली पेन्सिल थांबली.

यादीत हिराबाईच्या नावावर रेघ होती. पुढे लिहिलं होतं, 'मयत'.

"काय झाला?" हिराबाईने विचारलं.

बाईंनी यादी माझ्याकडे सरकवली. मी यादी बघून सांगितलं, "मावशी, इथे तुम्ही वारल्या असं लिहिलंय."

"मना कोन म्हनला मेली? मी जिती हाय ना तुमच्याम्होरं."

रांगेत हशा पिकला. बाई उभ्या राहिल्या. फेरतपासणीच्या वेळी काय झालं होतं ते त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. संध्याकाळची शेवटची एसटी सुटायला आली होती. हिराबाईचं घर गल्लीच्या पार टोकाला. तोंडाशीच बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, हिराबाई आहेत का? तो म्हणाला, "हिरा? ती गेली." बाईंनी तिथेच रेघ मारली आणि एसटी गाठली.

"मी मुंबईला बाजाराला गेलेली," हिराबाई म्हणाली. "मासली घेऊन."

या वेळी कुणी हसलं नाही.

दोन्ही बाजूंचे एजंट एकमेकांचं तोंड बघत नसत, पण या बाबतीत त्यांचं एकमत झालं. हिराबाईला सगळं गाव ओळखतं, देऊ द्या मत, आमची हरकत नाही. मीही तयार होतो. समोर जिवंत माणूस उभं असताना कागद कसला बघायचा, असं मला मनापासून वाटत होतं. मी मतपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे हातही नेला.

"नको सर," बाई म्हणाल्या. "यादीत नाव नाही. आज ओळखीवर एकीला आत घेतलं, तर उद्या ओळखीवरच एखादीला बाहेर काढतील."

"पण चूक तर आपली आहे."

"आपली नाही. माझी आहे."

त्यांनी हिराबाईला हात जोडले. "हिराबाई, मी तुमच्या दारापर्यंत यायला हवं होतं. आले नाही. तुमचं मत माझ्यामुळे बुडालं."

लुगड्याचा पदर खोचत हिराबाईने विचारलं, "मंग मना परत जिती कवा करशील?"

"पुढच्या निवडणुकीच्या आधी," बाई म्हणाल्या. हिराबाई बोटाला शाई न लागताच घरी गेली. मला बाईंचा त्या क्षणी राग आला होता, हे मी कबूल करतो.

निवडणुकीच्या कामावर असणाऱ्यांना त्याच केंद्रावर मत देता यावं म्हणून एक दाखला मिळतो. बाईंकडे तो होता. मतदान संपायला दहा मिनिटं उरली तेव्हा मी म्हटलं, "बाई, तुमचं राहिलंय." त्यांनी दाखला घडी करून पिशवीत ठेवला. मी समजावलं की याने हिराबाईचं मत काही परत येत नाही. त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला. पण हात धजत नाही." बायकांना मताचा हक्क आहे हे शाळेत ओरडून सांगणारी ती बाई त्या दिवशी मत न देता घरी गेली, आणि माझा सकाळचा राग कुठल्या कुठे गेला.

आपली चूक त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून कचेरीत दिली. वरून ठपका आला. आमच्या स्टाफरूममध्ये काही जण त्यांना 'यमाची बाई' म्हणायला लागले. बाई मात्र अर्जावर हिराबाईचा अंगठा घेऊन आल्या, आणि नवी यादी छापून येईपर्यंत कचेरीच्या खेपा घालत राहिल्या.

दोनच वर्षांत पुन्हा विधानसभेची निवडणूक लागली. बाई निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांची तब्येत उतरली होती. मी पुन्हा अर्नाळ्यात होतो. मे महिन्यातलं ऊन सकाळीच चढलं होतं. रांगेत पहिली हिराबाई. नव्या मास्तरांनी तिचं नाव खणखणीत वाचलं. शाई लागली, तिने शिक्का मारला आणि जाताना माझ्या टेबलापाशी थांबली. "बाय कुठं?"

मी सांगितलं, आजारी आहेत. आणि का कोण जाणे, मागच्या खेपेस बाईंनी मत दिलं नव्हतं, तेही बोलून गेलो. हिराबाई तशीच तडक बाहेर पडली.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगितलं. हिराबाई थेट एसटीत बसून आगाशीला आली. बाई खाटेवर होत्या. या वेळी नाही जमणार, असं घरी त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

"ऊठ," हिराबाई म्हणाली. "मना मेली म्हनून लिवलेली, तरी मी आले. तू तर जिती हायस."

बाई हे सांगताना हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. हिराबाईच्या खांद्यावर हात टाकून त्या आगाशीच्या शाळेतल्या केंद्रापर्यंत गेल्या. लोकांनी रांग मोडून वाट दिली, ती त्यांनी घेतली नाही. पाऊण तास उभ्या राहिल्या. हिराबाई त्यांच्या डोक्यावर छत्री धरून होती.

त्याच पावसाळ्यात बाई वारल्या. पुढची फेरतपासणी माझ्याकडे आली. स्मशानात मी स्वतः होतो, तरी यादी घेऊन त्यांच्या घरी गेलो. सून म्हणाली, "सर, तुम्हाला तर ठाऊकच आहे." मी हो म्हटलं. तिने दिलेलं पाणी प्यालो, रिकाम्या खाटेकडे एकदा नीट बघितलं आणि त्यांच्या ओटीवर बसूनच नावावर रेघ मारली.