फेकून द्यायचं पाणी

बाबांच्या किडन्या जेमतेम काम करतायत हे कळलं, तेव्हा मी रडले नाही, कंबर कसली. आई तीन दिवसांत गेली होती. तिच्यासाठी काही करायला मिळालंच नव्हतं. आता बाबांना मी नुसत्या गोळ्यांवर सोडणार नव्हते. मी ठाण्याला राहते, नोकरी वागळे इस्टेटमध्ये. बाबा डोंबिवलीत एकटे. एक दिवसाआड ऑफिस सुटलं की थेट त्यांच्याकडे जायचं, असं मी ठरवूनच टाकलं.

हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ मुलीने एक छापील कागद दिला. "भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं," ती म्हणाली. माझं डोकंच फिरलं. अहो, आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा तुळशीला जातं! सगळं सत्त्व मोरीत ओतायचं आणि आजारी माणसाला चोथा वाढायचा? "कालची पोरगी मला स्वयंपाक शिकवते," असं मी रिक्षात बाबांना म्हणालेसुद्धा. ते हसले आणि कागदाची घडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. पुढचं काही मी वाचलंच नाही.

मग माझा थाट सुरू झाला. पालक-टोमॅटोचं दाट सूप आणि स्टेशनबाहेरून दोन शहाळी. आम्ही मूळचे कोकणातले. शहाळं कुणाला बाधेल असं कुणी म्हणालं असतं, तर त्यालाच वेड्यात काढलं असतं. ग्लास रिकामा होईस्तोवर मी बाबांसमोरून हलायची नाही. ओळखीच्या एका वैद्यांकडे काढा मागायला गेले, तर ते म्हणाले, "आधी रिपोर्ट आणि चालू गोळ्या दाखवा. तोवर तळपायाला काशाच्या वाटीने तूप चोळा, तेही डॉक्टरांना विचारून." यांनाही डॉक्टरच हवेत, म्हणून मी चिडून परत आले. आणि डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्यांसोबत अजून काही देता?" तेव्हा मी म्हणाले, "छे हो, घरचंच साधं."

एका संध्याकाळी बाबांना खुर्चीतून उठताच येईना. "पायांत जोरच नाही गं," ते म्हणाले. हॉस्पिटलात नेलं. रक्तातलं पोटॅशियम भलतंच वाढलं होतं. "अजून थोडा उशीर झाला असता, तर हृदय थांबलं असतं," डॉक्टर म्हणाले. "किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, त्यात बीपीची ही गोळीही ते वाढवते. शहाळं, सूप असलं काही देत होता का?"

माझ्या तोंडून "नाही" गेलं.

"शहाळं मीच आणून प्यायचो," पलंगावरून बाबा म्हणाले, "हिला माहीत नाही." डॉक्टरांनी त्या शहात्तर वर्षांच्या माणसाला शाळेतल्या पोरासारखं झापलं. आणि मी, त्यांची सेवेकरी लेक, त्यांच्या चपलांची पिशवी धरून गप्प उभी होते. त्या दिवसाइतकी मला माझी लाज कधीच वाटली नाही.

बाबा वाचले. पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं, वाटीचंही विचारलं. "ती चालेल, हलक्या हाताने," ते म्हणाले. भाजीतलं पोटॅशियम उकळताना पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकायचं, हेही त्यांनी सांगितलं. आहारतज्ज्ञ मुलीकडून तो कागद पुन्हा समजून घ्यायचं ठरलं. घरी आल्यावर मी तो बाबांकडे मागितला. त्यांनी गोळ्यांच्या डब्याखालून काढून दिला. 'शहाळे' आणि 'सूप' या दोन शब्दांखाली त्यांच्या निळ्या पेनाच्या रेघा होत्या.

"तुम्ही वाचलं होतं?"

"त्याच दिवशी."

"मग प्यायलात कशाला, बाबा?"

मी त्यांचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन तळव्याला काशाच्या वाटीने तूप चोळत होते. "आईच्या वेळी तू आयसीयूच्या दाराबाहेर नुसती उभी होतीस," ते म्हणाले. "माझा ग्लास रिकामा झाला की तुझा चेहरा जरा बरा दिसायचा."

माझा हात थांबला. वाटी घासून तुपाने तळवा काळा पडला होता.

"चोळ ना," ते म्हणाले, "हे चालतं म्हणालेत डॉक्टर."