तळमजल्यावरचा तोंडी करार

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. जिन्याखालच्या फलकावर माझ्याच सहीची सूचना होती, की ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिलेत त्यांनी नोंदणी केलेल्या कराराची प्रत आठ दिवसांत जमा करावी. सगळ्यांनी केली. एकाच मालकाने केली नाही. तो मालक मी.

आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तळमजल्यावरचा छोटा फ्लॅटही आमचाच. तिथे सिन्नरच्या एमआयडीसीत मशिनवर काम करणारा एक गृहस्थ, त्याची बायको आणि मुलगी राहायचे. पहिला अकरा महिन्यांचा करार मी रीतसर नोंदवला. तो संपला तेव्हा जिन्यातच आमचं दोन मिनिटं बोलणं झालं, आणि कागद पुढच्या रविवारी करू असं मी म्हणालो. त्यानंतर दोन वर्षांत रविवार पुष्कळ आले, कागद काही झाला नाही.

मग जानेवारीत आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, शनिवारी घरी न्या, पण तीन महिने जिना नको. घरातले सगळे माझ्याकडे पाहू लागले. तळमजला हवा होता, आणि तिथल्या मुलीची दहावीची परीक्षा महिन्यावर आली होती.

माझ्या मेव्हण्याला प्रत्येक गोष्टीवर उपाय माहीत असतो. त्याने सांगितलं, दोन दिवस पाणी बंद करा, तिसऱ्या दिवशी टेम्पो लागतो की नाही बघा. मी त्याला रागावलो. आणि मग खाली जाऊन त्यांच्या पाण्याचा कॉक कुठला ते पाहून आलो. हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

सुदैवाने कॉकला हात लावण्याआधी वकील असलेल्या शाळकरी मित्राकडे गेलो. तो म्हणाला, भाडेकरूचं पाणी तोडलंस तर केस तुझ्यावर होईल. मग त्याने करार मागितला. मी रविवारची हकिकत सांगितली. तो बराच वेळ हसला.

"करार लिहून नोंदवायची जबाबदारी मालकाची," तो म्हणाला. "तू ती पाळली नाहीस. आता अटी काय ठरल्या होत्या, ते तो सांगेल तेच खरं. खोटं ठरवायचं असेल तर पुरावा तू आणायचा. वर दंड नाहीतर तुरुंग, तेही तुलाच."

"आणि तो म्हणाला पाच वर्षांसाठी दिलंय, तर?"

"तर आईसाठी लिफ्टचं घर बघ."

निघताना त्याने बजावलं, कायद्याचं यातलं काही त्या माणसाला सांगू नकोस. पण माझ्या हातात चहाचा कप आला की पोटात काही राहत नाही. संध्याकाळी खाली गेलो. एरवी मी दारात उभा राहून भिंतीची ओल तेवढी बघायचो, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या घरात बसलो. आईचं सांगितलं, आणि कप संपेपर्यंत हेही सांगून टाकलं, की ठरलं काय होतं ते आता तुम्ही म्हणाल तेच खरं.

त्याने रिकामे कप गोळा केले. त्याची बायको कोपऱ्यातल्या मुलीच्या टेबलाकडे बघत होती. मला वाटलं, झालं, आता आईला कुठे न्यायचं?

"दादा," तो म्हणाला, "जिन्यात आपलं बोलणं झालं व्हतं. तुम्हाला गरज लागली तर महिन्यात खाली करायचं. कागद नाय म्हणून बोलणं थोडंच बदलतं?"

मी मनातल्या मनात महिना मोजू लागलो. तेवढ्यात त्याची बायको म्हणाली, "आजी तर शनिवारीच यायच्या ना? मग महिना कशाला थांबायचं? बाहेरची खोली त्यांना घ्या. पोरगी आत अभ्यास करील. पेपर झाले की आम्ही निघतो."

अशी आमची आई स्वतःच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये भाडेकरूंची पाहुणी म्हणून राहिली. वरून आम्ही डबा पाठवायचो, पण ती त्यांची बाजरीची भाकरी खाऊन मोकळी झालेली असायची. एकदा मी किल्ली लावून सरळ आत शिरलो, तर वॉकर धरून उभ्या असलेल्या आईने मला परत बाहेर काढलं. म्हणाली, बेल वाजवून ये, घर त्यांचं आहे. वकिलाला जे सांगायला अर्धा तास लागला असता ते आईने दारातच सांगितलं.

पेपर संपले आणि त्यांची घरशोधणी सुरू झाली. दोन मालकांनी आधी आडनाव विचारलं, आणि मग दोघांनाही आठवलं, की जागा पुतण्याला द्यायची आहे. तो हे हसून सांगत होता. आई हसली नाही. मला म्हणाली, "त्यांनी तुझा शब्द राखला. आता तू त्यांच्याबरोबर जा."

तिसऱ्या घरी मी गेलो. तळमजला कसा ठेवला होता ते सांगितलं, आणि आजारी म्हातारीला कसं सांभाळलं तेही. जागा ठरली. चार दिवसांनी एजंट लॅपटॉप आणि अंगठा घ्यायचं यंत्र घेऊन आला. मी साक्षीदार. माझा अंगठा यंत्राला तीनदा पटला नाही. तेवढ्या वेळात मी कराराचं कलम न् कलम मोठ्याने वाचून घेतलं आणि दोन ठिकाणी दुरुस्ती करायला लावली. नवे मालक वैतागले. "तुम्ही स्वतः घरमालक ना? मग कुणाच्या बाजूचे?"

"यांच्या," मी म्हणालो, आणि अंगठा पुसून पुन्हा यंत्रावर ठेवला.