बासष्टाव्या वर्षी शिवलेलं गाडीचं छत

तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून बराच अवकाश होता. दोन वर्षांपूर्वीच सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. नागपूरहून बदलीवर लखनौला आलो आणि इथलेच होऊन बसलो, पण इतक्या वर्षांत फाइलींवर सह्या करण्यापलीकडे या हातांनी काही केलं नाही, भिंतीत साधा खिळा ठोकला नाही, याची मला अचानक लाज वाटायला लागली होती. नेमकी तेव्हाच मलिहाबादच्या एका बागवाल्याच्या शेडमध्ये मला ती गाडी दिसली. आंब्याच्या पेट्यांमागे, पोत्यांखाली. लाल, बुटकी, दोनच सीटांची, कापडी छत मागे दुमडता येणारी. छत म्हणजे उंदरांनी ठेवलं होतं तेवढं. मी ती घेतली आणि घरी जाहीर केलं की हिला मिस्त्रीचा हात लागणार नाही. सगळं मीच करणार.

ज्यांनी ती गाडी बनवली त्यांचा कारखाना केव्हाच बंद पडला होता. आणि बनवतानाही त्यांनी स्वतःचं असं फार काही बनवलं नव्हतं. मागचे दिवे कुठल्याशा बसचे, दरवाजाची हँडलं एका जुन्या व्हॅनची, काच खालीवर करायचा दांडा कशाचा ते कुणालाच सांगता येईना. दुकानदार विचारायचे, "कौन सी गाड़ी का चाहिए, बहनजी?" मी म्हणायची, "यही तो पूछने आई हूँ।" मिस्त्रीची मजुरी वाचली हे खरं. ती पान्यांच्या संचात गेली, जॅकमध्ये गेली, ऑटोच्या भाड्यात गेली आणि न बसणाऱ्या तीन कुलपांत गेली. ह्यांनी कधी हिशेब विचारला नाही. एकदाच अवजारांनी भरलेल्या फळीकडे बघून म्हणाले, "मिस्त्रीच दत्तक घेतला असता तर स्वस्त पडला असता."

कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने मला फुकट एक सल्ला दिला होता. "खोलने से पहले फोटो खींच लीजिए, वरना लगाते वक़्त रोना आएगा।" मी त्याला सांगितलं की मी अख्खं ऑफिस चालवलं आहे. तो अदबीने मान झुकवून म्हणाला, "जी, बिल्कुल।" लखनौमध्ये 'जी, बिल्कुल' कुणाला म्हणतात ते तेव्हा मला कळत नव्हतं.

छताच्या बाबतीत मात्र मी कोणाचं ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. शिवण मला येत होतं. जाड सुती कॅनव्हास आणला, मशीनला जाड सुई लावली आणि तीन महिने दुपारभर शिवत बसले. मागच्या बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी, कडेला दुहेरी टीप. छत गाडीवर चढवलं तेव्हा ते असं बसलं की महिला मंडळाच्या बाया बोटं फिरवून बघत होत्या. त्या कौतुकाच्या भरातच मी बोलून गेले की चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत हीच गाडी पुढे राहील. छत मागे दुमडू, मागच्या बाजूला हार घातलेला फोटो उभा करू, आणि गाडी मी चालवीन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माघार कशी घेणार?

मिरवणूक संध्याकाळी पाचला निघायची होती. दोनच्या सुमाराला पांढरी साडी नेसून, तयार होऊन मी गॅरेजमध्ये गेले. आदल्या दिवशी मी गाडी धुतली होती आणि चालवणाऱ्याच्या बाजूचं कुलूप बदललं होतं. बाहेरचं हँडल तुटकं होतं म्हणून दुसऱ्या दरवाजाचं काढून इकडे लावलं. आतली-बाहेरची दोन्ही हँडलं ज्या सळईने कुलपाला जोडलेली, ती तारेने बांधली. काचेचा दांडा काढून फळीवर ठेवला होता, तो नंतर लावू म्हटलं. आत बसले आणि दरवाजा ओढून घेतला. छान आवाज आला. त्या आवाजात तार निसटल्याचाही आवाज होता, तो मी कौतुकात ऐकला नाही.

आतलं हँडल ओढलं तर ते लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं. पलीकडच्या दरवाजाचं आतलं हँडल वर्षानुवर्षं मेलेलं होतं आणि बाहेरचं तर मीच काढलं होतं. पलीकडची काच दोन बोटं उघडी राहून अडकलेली, इकडची तेवढीही उघडी नाही. दांडा फळीवर, फोन फळीवर, चष्म्याची डबीसुद्धा फळीवर. म्हटलं काही बिघडत नाही, छत उघडू. छताच्या पुढच्या कडेला दोन आकडे होते, ते सोडले की छत मागे जायचं. आकडे जागचे हलेनात. कॅनव्हास नगाऱ्यासारखा ताणला होता.

तेव्हा मला कळलं. ब्लाउजचं अस्तरसुद्धा मी आधी पाण्यात भिजवून, वाळवून मग कापते. आमच्या घरात ही गोष्ट नवव्या वर्षी शिकवतात. पण छत शिवताना मी शिवणकाम थोडंच करत होते? मी इंजिनीअर झाले होते. कोरं कापड शिवलं, आणि काल पाइपाने धुतल्यावर ते आटलं.

आता हाक मारायची, एवढंच करायचं होतं. हाक मारली असती तर सव्वादोनला बाहेर आले असते. पण बासष्ट वर्षांच्या त्या बाईला तुम्ही ओळखत नाही.

अर्ध्या तासाने हे चहा घेऊन आले. "काय करून राहिली?"

"तपासणी."

"बाहेर ये, चहा निवतो."

"ठेवा तिथे. येते."

कप फळीवर, माझ्या फोनशेजारी राहिला. हे गेले. मी त्या कपावर साय धरताना बघत बसले. एप्रिलचं ऊन, वर पत्रा, घाम साडीतून सीटला लागलेला. गुडघे स्टिअरिंगला टेकले की हॉर्न वाजायचा, म्हणून तेही हलवायची चोरी.

सव्वातीनला मंडळातली माझी सर्वांत जुनी मैत्रीण आली. ती माझ्याच गावाकडची, तोंडाला फटकळ. काचेच्या फटीतून बघून म्हणाली, "काय वं, अजून छत नाही उघडलं?"

"निघताना उघडू. ऊन लागते."

"आत बसून काय अंडे घालून राहिली काय?"

"सीटची सवय करून राहिले. तीन तास चालवायची आहे."

ती हसत गेली. त्या क्षणी मला रडू येत होतं, पण मी हात हलवून तिला निरोप दिला. बाहेर निळे झेंडे लावलेल्या सायकली जाताना ऐकू येत होत्या. एवढे लोक रस्त्यावर, आणि मी तीन हातांच्या डब्यात.

चार वाजून गेल्यावर हे परत आले. कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. स्टूल ओढून माझ्या काचेसमोर बसले आणि हाताची घडी घातली. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला शब्दाने कधी हरवलं नाही. तो फक्त समोर बसून राहतो.

शेवटी मी म्हटलं, "मला बाहेर येता येत नाही."

"बरं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"चहाच्या वेळेपासून." मग उठून म्हणाले, "मिस्त्रीकडे जाऊन आलो. आज दुकान बंद आहे. दरवाजा फोडायचा की छत?"

दरवाजा फायबरचा, फुटला तर तसा दुसरा कुठे मिळणार नव्हता. काच फोडली तर तीही मिळाली नसती, आणि काचेच्या दांड्याची मूठ पलीकडच्या फटीतून आत येत नव्हती. म्हणजे विचारण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, "माझी कापडाची कात्री आणा."

त्यांनी ती पलीकडच्या फटीतून आत सोडली. आधी मी टोकाने टीप उसवायला घेतली, म्हणजे नंतर पुन्हा शिवता येईल. दहा मिनिटांत चार बोटं उसवलं. माझी टीप फार पक्की असते. मग कात्री खुपसली आणि पुढच्या काचेपासून मागच्या खिडकीपर्यंत फाडत नेलं. ताण गेला तसे आकडेही सुटले आणि वारा डोक्यावर आला. ह्यांनी बाहेरून फाटकी चादर ओढावी तसं ते कापड ओढून मागे दुमडलं आणि वर निळी शाल पसरली. लांबून कुणाला कळलं नसतं.

"आता उतर, धर हात," ते म्हणाले.

मी घड्याळ बघितलं. पाचला दहा कमी. त्या दरवाजावरून साडी सावरत उतरायचं आणि सगळ्यांसमोर पुन्हा तसंच आत चढायचं? "नको. फोटो आणा," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली. ती मात्र पहिल्या झटक्यात सुरू झाली. इंजिनाला मी अजून हात लावला नव्हता.

मिरवणूक पायी चालणाऱ्यांच्या वेगाने निघाली. पहिला गिअर, अर्धा क्लच, डाव्या पायाला गोळे. बाया पुढे नाचत होत्या, मला खुणावत होत्या, आणि मी राणीसारखी बसून हात हलवत होते. वाटेत प्रत्येक चौकात टेबलं मांडलेली, पाणी, ताक, सरबत. मी प्रत्येक ग्लासला हात जोडून नाही म्हणत होते, कारण दोन वाजल्यापासून मी या गाडीत होते आणि प्यायलेलं पाणी माणसाला कुठे नेतं ते तुम्हाला सांगायला नको.

तिसऱ्या चौकात मैत्रीण दोन्ही हात कमरेवर ठेवून बॉनेटसमोर उभी राहिली. "काऊन वं, दुपारपासून पाहून राहिले, पाणी नाही, चहा नाही. उपास धरला काय? आजच्या दिवशी? आपल्यात हे चालत नाही हं." आजूबाजूच्या पाचसहा बाया वळल्या. एकीने काळजीने विचारलं, "खरंच उपास आहे, ताई?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मैत्रिणीने टेबलावरचा सगळ्यांत मोठा ग्लास उचलून माझ्या हातात दिला. सरबत गुलाबाचं होतं, बर्फ घातलेलं. मी ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मिरवणूक पुढे सरकली. मैदान अजून दीड तास लांब होतं.