बुटातला चमचा

त्या छोट्याशा ऑफिसात तिला सगळेच ताई म्हणत, मालकसुद्धा. तिथे कॉम्प्युटरवरचे साहसाचे गेम तयार होत आणि ते बाजारात जाण्याआधी खेळून त्यातल्या चुका काढायचं काम ताईचं. अकरा वर्षांत तिनं भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणले होते.

हे गेम म्हणजे अजब प्रकरण असतं. त्यातला नायक अख्खी शिडी खिशात घालतो, पण हातात कुऱ्हाड असून साधं लाकडी दार फोडत नाही. दार उघडायचं तर म्हणे आधी बदकाला चष्मा लावा, मग बदक खूश होऊन किल्लीवरून उठेल. तुम्ही दुसरं काही करून पाहिलंत की नायक एकच वाक्य तोंडावर फेकतो, "ते जमणार नाही." या वाक्याचा ताईला मनस्वी राग. ती प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला लावून बघायची, वहीत टिपायची आणि गेममधली वाक्यं लिहिणाऱ्या लेखकाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची.

"कुऱ्हाडीनं बदकाचे पंख विंचरले तर?"

"अहो ताई, असं कोण करणार?" लेखक कपाळाला हात लावायचा.

"मी केलं ना! माणूस काहीतरी विचार करूनच करतो. त्याला नीट उत्तर लिही, हाकलून देऊ नकोस."

शेवटी तो हात टेकायचा आणि लिहायचा. एका गेमसाठी तर तिनं अशी सहाशे उत्तरं लिहून घेतली. दुसऱ्याच्या खुळेपणाचा इतका मान ठेवणारी बाई शोधून सापडली नसती.

घरी ती आणि बाबा, दोघंच. बाबांनी तीस वर्षं बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांशी बसून बूट घालून दिले होते. गेल्या वर्षी त्यांना झटका आला. हिंडणं-फिरणं सुधारलं, पण वाचा गेली ती गेलीच. लिहिणंही गेलं. आणि गेल्या महिन्यापासून ते वस्तू भलत्याच ठिकाणी ठेवू लागले. साबणाची वडी कपड्यांच्या ड्रॉवरमध्ये. मग रोज सकाळी ताईच्या ऑफिसच्या बुटात जेवणाचा चमचा. ती तो काढायची, धुवायची, स्वयंपाकघरात ठेवायची आणि बूट ओढत, एका पायावर नाचत, कशीबशी बाहेर पडायची. बूट नवे होते आणि टाचेशी भलतेच घट्ट.

धाकट्या भावाला हे कळलं आणि त्यानं हायच खाल्ली. "ताई, तू दिवसभर ऑफिसात. त्यांना भान राहिलं नसेल तर घरात एकटं कसं ठेवायचं? उद्या गॅस उघडा टाकतील." म्हणणं चुकीचं नव्हतं, तिथेच तर पंचाईत होती. त्यानं वृद्धांची एक संस्था शोधली, तिचा अर्ज आणला. ताईला बाबा घरात हवे होते, पण रोजचा चमचा भावाचंच म्हणणं खरं करत होता. रविवारी जाऊन जागा बघायची आणि सही करायची, असं ठरलं.

रविवारी भाऊ दारात उभा राहिला. ताई बूट घालायला वाकली, तर आत चमचा. समोर स्टुलावर बाबा.

"बघ," भाऊ हळूच म्हणाला.

ताईनं चमचा बाहेर काढला. "नाही हो बाबा," ती म्हणाली, "हे जमणार नाही."

बोलली आणि स्वतःच चपापली. अकरा वर्षं जे वाक्य तिनं दुसऱ्यांना लिहू दिलं नव्हतं, ते आज तिच्याच तोंडून निघालं होतं. महिनाभर ती हेच करत होती. चमचा काढत होती, लावून मात्र एकदाही बघितला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं बाबांकडे पाहिलं. ते तिच्या टाचेकडे बघत होते. तिनं चमचा उलटा धरला, त्याची खोलगट बाजू टाचेमागे लावली आणि पाय दाबला. पाय लोण्यात गेल्यासारखा आत सरकला. दुकानात याच कामासाठी बाबांच्या खिशात पत्र्याची एक पट्टी असायची.

बाबा स्टुलावरून वाकले. बुटाचं टोक त्यांनी अंगठ्यानं दोनदा दाबून पाहिलं, आत बोटांना जागा आहे ना. मग मान डोलावली. ताईला रडू आवरेना.

भाऊ अर्ज हातात धरून उभा होता. त्यानं विचारलं, "ताई, तो कपड्यांचा ड्रॉवर अडकतो का गं?"

"दोन महिने झाले. ओढून ओढून हात दुखतात."

त्यानं अर्जाची घडी करून खिशात टाकली, बूट काढले आणि ड्रॉवरच्या कडांना साबणाची वडी घासायला आत गेला.