मास्तरांच्या पँटमधली माया

माझा भाऊ शिंपी आहे. सगळं जग त्याला मास्तर म्हणतं, म्हणून दुकानात मीही मास्तरच म्हणते. दादा म्हणते ते घरी, आणि भांडताना. तो बेततो, कापतो, मशीन मारतो. मी काजं-बटणं आणि हातशिलाई करते. समोरासमोर बसून आमचं आयुष्य गेलं, त्यामुळे एकमेकांची तोंडं बघून काही कळतं म्हणावं, तर तेही खरं नाही.

मास्तरांचं नाव झालं ते मायेमुळे. कमरेच्या मागच्या शिवणीत आत दुमडून जादा कापड ठेवतात, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. दुसरे शिंपी ती कापून चिंध्यांत फेकतात. हा भरपूर ठेवतो. "माणूस वाढतो हो, कापड वाढत नाही," असं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. त्याने शिवलेली पँट माणूस सुटला तरी वर्षानुवर्षं चालते.

याच गुणाने त्याचा घात केला. बाकीच्यांना आपण सुटत चाललोय हे त्यांची पँट सांगते. श्वास रोखून बटण लावायची वेळ आली की माणूस निदान एक दिवस तरी कमी जेवतो. मास्तरांवर ती वेळ कधी आलीच नाही. जरा आवळलं की पँट काढायची, शिवण उसवायची, बोटभर माया सोडायची आणि पुन्हा टीप मारायची. वहिनी म्हणायची, "अहो, पोट बघा जरा." तर हा मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचा, "लग्नातली पँट घालतोय मी अजून!" आणि ते खरंच होतं. आता बोला!

मग एकदा कात्री बोटाला लागली आणि जखम भरेना. वहिनीने दवाखान्यात नेलं, मीही सोबत गेले. डॉक्टरीणबाई कालपरवाची पोर, तिचा शाळेचा गणवेश मास्तरांनीच शिवलेला. तिने रक्त तपासायला लावलं. साखर निघाली.

"काका, पोटावरची चरबी म्हणजे नुसतं गाठोडं नसतं," ती म्हणाली. "ती हॉर्मोन्स सोडते. त्यातलं एक इन्सुलिनचं काम सोपं करतं. पण पोट वाढलं की नेमकं तेच कमी होतं. दुसरं, लेप्टिन, पोट भरलं म्हणून मेंदूला सांगतं. ते इतकं वाढतं, की मेंदू ऐकेनासाच होतो."

"आमच्या हिच्यासारखं," मास्तर म्हणाला. वहिनीने डोळे वटारले.

डॉक्टरीणबाई हसली नाही. "शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन बनवत राहतं. काही वर्षं रेटतं आणि मग थकतं. सुरुवातीला त्याच्याकडे शिल्लक ताकद बरीच असते."

"माया म्हणा की."

"हो. आणि तुमची बरीचशी सोडून झालीय, काका. अजून वेळ गेलेली नाही. आत्ता पोट उतरवलंत तर त्याला उसंत मिळेल, कदाचित सावरेलही. दुर्लक्ष केलंत तर ते हळूहळू कामातून जाईल. मग साखर डोळ्यांवर जाते, बोटांवर जाते." तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं. शिंप्याकडे दुसरं असतं तरी काय? गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला बोलावलं.

नव्याचे नऊ दिवस. नवराबायको सकाळी चालायला जायचे, चहा बिनसाखरेचा व्हायचा. मग शाळांच्या गणवेशांचं काम आलं. मशीनवर बैठक मारली की मास्तर उठायचा नाही. चहात साखर परत आली. गोळ्या खणात बॉबिनांच्या शेजारी जाऊन पडल्या. मी टोकलं की म्हणायचा, "एवढे गणवेश जाऊ देत, मग बघू." पालथ्या घड्यावर पाणी!

आणि अशात त्याची पँट सैल व्हायला लागली.

काय आनंद झाला त्याला! रोज टेप कमरेभोवती धरायचा आणि आम्हाला बोलावून दाखवायचा. तपासणीची तारीख आली तेव्हा म्हणाला, "रक्त काढून वेगळं काय कळणार? हातच्या काकणाला आरसा कशाला? टेप खोटं बोलत नाही." मी म्हटलं, "अरे, चालणं नाही, पथ्य नाही, मग उतरलं कसं?" तर म्हणे, "अंगमेहनत आहे बाई, तुझ्यासारखं बसून काजं नाही करत." स्वतः दिवसभर बसलेला माणूस!

एक दिवस त्याने पँट उसवली, कंबर आत घेतली आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. आतली सगळी माया कचाकचा कापून टाकली. "आता पुन्हा त्या वाटेला जायचंच नाही," म्हणाला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग माझ्या ध्यानात यायला लागलं. पाण्याची बाटली भरली की रिकामी. सारखं मोरीकडे जाणं. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकायला लागलं. काम करता करता डुलक्या. आणि एका दुपारी त्याने शर्टाचा खिसा तिरका लावला. खडूची रेघ तिथे ठसठशीत होती, ती त्याला दिसलीच नव्हती.

मी उठले, त्याच्याच गळ्यातला टेप घेतला आणि त्याची मापं घेतली. गळा, दंड, मांडी. तो नको नको म्हणत राहिला, पण मला भयंकर राग आला होता. "दादा, पोटाबरोबर गळा का उतरला? दंड कुठे गेले? असं गिऱ्हाईक आलं असतं तर काय म्हणाला असतास?"

त्याने टेपवरचा आकडा पाहिला. "आजारी आहे म्हणालो असतो," तो म्हणाला.

दवाखान्यात रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "काका, हे बारीक होणं नाही. स्वादुपिंडाने हात टेकलेत. इन्सुलिन पुरत नाही, म्हणून खाल्लेलं अंगाला लागत नाही. शरीर स्वतःलाच खातंय." डोळ्यांची तपासणी लिहून दिली. इन्सुलिनची सुई रोज घ्यायची ठरली.

"पण ते सावरेल म्हणाला होतात ना?" वहिनीने विचारलं.

"तेव्हा म्हणाले होते," ती म्हणाली, आणि लिहीत राहिली.

इन्सुलिन लागू पडलं. तहान गेली, गालांवर थोडं मांस आलं. नजरेचं मात्र डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. सुईत दोरा आता मीच ओवून देते. वजन भरतंय हे चांगलं लक्षण आहे म्हणाले.

काल दुपारी पँट कमरेला आवळायला लागली, म्हणून जुन्या सवयीने मास्तरांनी ती काढून लुंगी गुंडाळली, शिवण उसवली आणि माया सोडायला आत बोट घातलं. मग पँट उलटी केली. उजेडाकडे धरली. बोट पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरत राहिलं.

"अगं, इथलं कापड कुठे गेलं?" त्याने मला विचारलं.

मग त्याचं त्यालाच आठवलं. पँट मांडीवर ठेवून तो म्हणाला, "माझ्याच हाताने कापलं गं," आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मी हातातलं काज अर्धंच ठेवलं आणि त्याच्याजवळ जाऊन बसले.