आर्डिस काय शिकते?

व्हर्लिन टॉलिफसन माझा शेजारी. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये कुंपण नाही, कारण त्याच्या मते कुंपण असलं की पलीकडे काय चाललंय ते दिसत नाही. आमच्या डेलबी गावातल्या धान्यकोठारावर तो वजनकाटा सांभाळायचा. शेतकरी मक्याने भरलेल्या गाड्या घेऊन यायचे, वर कोरडा मका आणि खाली ओला, म्हणजे वजन जास्त भरावं. व्हर्लिन लांब पोकळ सळई थेट तळापर्यंत खुपसायचा, खालचे दाणे काढून हुंगायचा आणि मगच गाडी काट्यावर घ्यायचा. सख्ख्या भावालाही त्याने कधी सोडलं नाही. भाऊ रुसला, तर व्हर्लिनला त्याचाही संशय आला. मनात काही नसतं तर हा रुसला कशाला असता, असं तो मला म्हणाला होता.

असा माणूस रिटायर होऊन घरी बसला. सकाळी तो हायवेवरच्या कॅफेत जातो. तिथे कोठारावरचे जुने मित्र फासे टाकून कॉफी कोणी पाजायची ते ठरवतात, आणि फासे नीट आहेत का ते व्हर्लिन तपासतो. अकराच्या सुमारास तो घरी येतो, जेवतो, आणि स्वयंपाकघरात खिडकीजवळची खुर्ची धरून बसतो. दुपारभर तिथेच.

तो रिटायर झाला त्याच शरदात त्याची बायको आर्डिस टेकडीवरच्या कॉलेजात जायला लागली.

मी तेव्हा कॉलेजच्या ऑफिसात चौकशीच्या खिडकीवर बसायचे. आमच्याकडे गावातल्या साठीपुढच्या माणसांना कुठल्याही वर्गात बसू देतात. खुर्ची रिकामी हवी आणि शिकवणाऱ्याची हरकत नसावी, एवढंच. परीक्षा नाही, मार्क नाहीत. पहिल्यांदा आर्डिसने खडकांचा विषय घेतला. मला वाटलं, बरं आहे, बागेत दगड रचायला उपयोग होईल. पुढच्या सत्रात तिने ग्रीक नाटकं घेतली. मग मातीची भांडी. मग किडे. मग संभाव्यतेचं गणित, त्यानंतर माणसाचं चित्र काढायचा वर्ग. आमचं कॉलेज छोटं, पण विषयांना तोटा नाही. बेडकाच्या पोटापासून चिनी कवितेपर्यंत सगळं एकाच छपराखाली. तरी एकेका पोराची काहीतरी दिशा असते. आर्डिसची गाडी कुठे चालली होती ते मला कळेना, आणि माझ्यासारखीला कळेना म्हणजे व्हर्लिनची काय अवस्था झाली असेल.

तो माझ्या खिडकीशी येऊन उभा राहायचा.

"लोइस, तुमच्याकडे एकाच पोराला बेडूकही शिकवतात आणि नाचायलाही शिकवतात. मग तो पोरगा होतो काय?"

"माणूस होतो म्हणतात."

"आधी काय होता?"

 हे आमच्या डीनलाही सांगता आलं नसतं.

खडकांच्या सत्रात आर्डिसच्या बुटांना पिवळी माती लागलेली त्याने पाहिली. कॉलेजात पिवळी माती नाही, हे त्याने स्वतः टेकडीभर फिरून ठरवलं. ती वर्गाबरोबर खाणीवर गेली होती, हे सांगून मी थकले. किड्यांच्या सत्रात त्यांच्या फ्रीजमध्ये भुंग्यांच्या बाटल्या आल्या, तेव्हा तो चार दिवस फक्त सीलबंद डब्यातलं सूप प्यायला. आणि चित्रकलेच्या सत्रात त्याला तिच्या पिशवीत एका उघड्या पुरुषाचं कोळशाने काढलेलं चित्र सापडलं. ते टोपीत लपवून तो माझ्याकडे घेऊन आला.

"हे काय आहे?"

"माणूस आहे."

"ते दिसतंय मला. कोण आहे?"

"आपल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो ना, तो पोरगा. न हलता उभं राहायचं काम मिळालंय त्याला."

"कपडे काढून?"

"चित्रकलेत तसंच असतं, व्हर्लिन."

पुढच्या रविवारी सगळं चर्च वेदीकडे तोंड करून गात होतं आणि व्हर्लिन मान मागे वळवून ऑर्गनकडे बघत होता. आर्डिसने त्याचा दंड धरून त्याला सरळ केलं. ती काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला आवडलं नव्हतं. नवऱ्याशी भांडण संपवून टाकलेल्या बायका अशा गप्प होतात, असं मला वाटलं आणि भीती वाटली.

एक दिवस व्हर्लिनने माझ्याकडून कॉलेजचं विषयांचं जाडजूड पुस्तक मागून नेलं. पेन्सिल घेऊन बसला. आर्डिसचे सगळे मास्तर वेगळे, इमारती वेगळ्या, विषयांचं तर एकमेकांशी काहीच नातं नाही. पुस्तक परत करताना तो एवढंच म्हणाला, "हे सगळं वरवरचं आहे. हिला यातलं काहीच नकोय. हिला दुसरंच काहीतरी हवंय, आणि ते मिळालं की ही जाणार."

"कुठे जाणार?"

"मला सोडून."

 इतकी वर्षं मी त्याची थट्टा करत आले, पण त्या दिवशी मला जीभ आवरावी लागली. कारण खरं सांगायचं तर मलाही तीच शंका येत होती.

त्या वसंतात मी रिटायर झाले. सप्टेंबरात आर्डिसने नकाशांच्या इतिहासाचा वर्ग घेतला, तेव्हा मीही तिच्याबरोबर नाव घातलं. शिकायची हौस होती, असं मी लोकांना सांगितलं. मला बघायचं होतं की ही तिथे करते काय.

पहिल्या दिवशी आम्ही जाऊन बसलो आणि पाचच मिनिटांत दार उघडून व्हर्लिन आत आला. टोपी डोळ्यांवर ओढलेली. त्याच्या डोक्यात सिनेमातलं कॉलेज असणार, शेकडो पोरं, चढत्या पायऱ्या, मागे अंधार. इथे एक लांबट गोल टेबल आणि त्याच्याभोवती डझनभर खुर्च्या. लपायला जागाच नाही. आमची प्रोफेसर ब्लँचर्ड, वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढी, ती आनंदाने म्हणाली, "या, या. एक खुर्ची ओढून घ्या." तो माझ्या शेजारी बसला. माझ्या पलीकडे आर्डिस. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

आमच्याकडे पहिल्या दिवशी एक रीत असते. टेबलाभोवती प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं आणि हा विषय का घेतला ते सांगायचं. पोरं ठरलेलं बोलतात. एक म्हणाली, तिला लहानपणापासून नकाशांचं वेड आहे. समोरचं पुस्तक तिने अजून उघडूनही बघितलं नव्हतं. एकाला डिग्रीसाठी इतिहासाचा एक विषय कमी पडत होता. एक लांब केसांचा मुलगा म्हणाला, "खरं सांगू? हा दुपारी आहे. मला सकाळी उठवत नाही." सगळे हसले.

मग आर्डिसची पाळी आली.

"मी आर्डिस. गावातच राहते," ती म्हणाली. "मीही वेळ बघूनच घेतला."

पुन्हा हसू आलं. ती हसली नाही.

"खडक, नाटकं, भांडी, किडे, सगळं घेऊन झालं माझं. मला त्यातलं काही मुद्दाम शिकायचं नव्हतं. मी एवढंच बघायचे की दीड वाजता काय आहे. माझा नवरा कामावर होता तोवर दुपार माझी असायची. आता तो घरी असतो. फोन वाजला की कोणाचा. पत्र आलं की कोणाचं. दुकानातून यायला उशीर झाला की कुठे होतीस, कोण भेटलं. म्हणून मी इथे येते. तुमच्याकडे इतकं काय काय शिकवतात की दीडला काही ना काही असतंच. आणि इथे मला कोणी विचारत नाही."

पोरांना कुठे बघावं ते कळेना. माझी पाळी होती. मी आर्डिसची शेजारीण आणि मला नकाशे आवडतात, असं काहीतरी बोलून गेले. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती, कारण मीही तिच्यावर पाळत ठेवायलाच आले होते.

व्हर्लिनने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी व्हर्लिन. हिचा नवरा. इथे कोण आहे ते बघायला आलो होतो."

"म्हणजे?" ब्लँचर्डने विचारलं.

"म्हणजे कोणासाठी येते ही. मला वाटलं कोणीतरी असेल." त्याने टेबलाभोवतीचे सगळे चेहरे एकदा बघून घेतले, जुनी खोड. "कोणी नाही."

ब्लँचर्ड बिचारी तरुण होती. तिने विचारलं, "मग तुम्ही वर्गात राहणार ना?"

व्हर्लिनने आर्डिसकडे बघितलं. ती टेबलाकडे बघत होती.

"नाही," तो म्हणाला. "ही वेळ हिची आहे." उठला, खुर्ची आवाज न करता आत सरकवली, आणि गेला.

त्यानंतर तो दुपारी घरात थांबेनासा झाला. जेवण झालं की पिकअप घेऊन कोठाराच्या आवारात जाऊन बसायचा, इंजिन चालू ठेवून, थंडी पडली तरी. चार वाजल्याशिवाय घराकडे फिरकायचा नाही. आणि विचारणं त्याने पार सोडलं. एकदा दोघं माझ्याकडे जेवायला आले असताना आर्डिसचा फोन वाजला. ती उठून बाहेर गेली, बराच वेळ बोलली. व्हर्लिनने तोंडात एवढा मोठा पाव कोंबला की मला वाटलं आता गुदमरतो. ती परत आली तरी तो चावतच होता.

आता आर्डिसला संशय येऊ लागला.

"काहीतरी शिजतंय याचं," ती मला म्हणाली. "आल्यागेल्याची एक चौकशी नाही. मी मुद्दाम उशिरा आले परवा, तरी गप्प. डॉक्टरने काही सांगितलंय का त्याला? तुला माहीत आहे का काही?"

"मला काय माहीत असणार?"

"तुला सगळं माहीत असतं, लोइस."

जानेवारीत नवं सत्र सुरू झालं आणि तिने हिमनद्यांचा विषय घेतला. सकाळी नऊचा. मला कळलं तेव्हा मी विचारलं, "अगं, नऊला तर तो कॅफेत असतो. आणि आता दुपारीही घर रिकामंच असतं. मग जातेस कशाला?"

"मला तोच विषय हवा होता," ती म्हणाली. "खडकांच्या वेळी मास्तरने सांगितलं होतं की आपलं सगळं गाव बर्फाने घासून काढलेलं आहे. तेव्हापासून डोक्यात होतं. पण तो विषय दीडला कधीच नव्हता." मग म्हणाली, "व्हर्लिनला सांगेन म्हणते. त्याने विचारलं तर. कोठाराखालची ती माती सगळी बर्फाने आणून टाकलेली आहे, माहीत आहे? आयुष्य गेलं त्याचं तिथे."

"मग सांग ना."

"विचारू दे की त्याला."

दोन आठवड्यांनी, कॅफेत असायला हवं त्या वेळी, व्हर्लिन माझ्या दारात उभा.

"सकाळी नऊ, लोइस," तो म्हणाला. "सकाळी नऊला तर मी घरी नसतोच. मग ती माझ्यामुळे जात नाहीये. मग कोणामुळे जाते?"

"तिलाच विचार."

"विचारणं बंद केलंय मी. त्यामुळेच तर ती जायला लागली होती."

मला त्याची कीव आली आणि रागही आला. "इतकी वर्षं तू तिला काय विचारलंस सांग. कुठे होतीस, कोण होतं, किती वाजता आलीस. काय शिकलीस, हे एकदा तरी विचारलंस का?"

त्याने विचार केला. खरोखर केला.

"नाही," तो म्हणाला. मग डोळे बारीक करून, "तिने पाठवलं का तुला हे सांगायला?"

"तूच आला आहेस माझ्या दारात. मी कुठे आले?"

हे त्याला पटलं. समोर त्यांच्या गॅरेजचं दार वर गेलं आणि आर्डिसची गाडी मागे मागे बाहेर येऊ लागली. व्हर्लिन माझ्या पायरीवर उभा राहून बघत होता. मला वाटलं आता हा पिकअपकडे जाणार आणि ती टेकडीकडे जाणार, आणि हे असंच चालणार. मी त्याच्या पाठीला हात लावून जरा ढकललंच म्हणा ना.

तो बर्फातून अंगण ओलांडून गेला. तिच्या खिडकीवर बोटाने टकटक केली. तिने काच खाली केली. तिचा चेहरा मला दिसत होता, आणि तो चेहरा जुन्याच प्रश्नांची वाट बघत होता. व्हर्लिन वाकून काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही, आणि त्याला फार वेळही लागला नाही.

आर्डिसने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग वाकून शेजारच्या बाजूचं दार उघडलं. तो गाडीला वळसा घालून आत जाऊन बसला.

ती बोलायला लागली. हात वर करून काहीतरी दाखवत होती, एवढं उंच, एवढं जाड, तो बर्फच असणार. व्हर्लिनने मान वळवून कोठाराच्या दिशेला बघितलं. नऊ वाजून गेले, वर्ग सुरू झाला असणार. गाडी तिथेच उभी होती आणि तिने इंजिन केव्हाच बंद केलं होतं.